एकच नग बांधलेलं विमान

बाबा नाशिकजवळच्या विमान कारखान्यात फिटर होते. जेट इंजिनं टेस्ट बेडवर, म्हणजे चाचणीच्या सांगाड्यावर, चढवून पूर्ण जोरात चालवायची, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. आई गेल्यानंतर मी त्यांना तीन महिन्यांसाठी नेदरलँड्समध्ये, उइटहॉर्नला माझ्या घरी आणलं आणि दोनच आठवड्यांत माझी झोप उडाली. "बाबा, पोळी वाढू?" विचारलं तर म्हणायचे, "हो, काल बोललो त्याच्याशी." माझी मुलगी काही सांगायला लागली की नुसते हसायचे. पुण्याचा भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, विसरायला लागलेत गं. पुण्यात आले की डॉक्टरांना दाखवू." मी इंटरनेटवर लक्षणं वाचत बसायचे.

एका रविवारी त्यांना युट्रेख्टच्या पुढे असलेल्या विमानांच्या संग्रहालयात नेलं. तिथे परदेशातून तात्पुरतं आणलेलं एक लष्करी प्रायोगिक जेट होतं. जेटच्या सुरुवातीच्या काळात, पंख मागे वळवले तर काय होतं एवढंच बघायला बांधलेलं. एकच नग. युद्धावर कधी गेलंच नाही. बाबा त्याच्या पोटाखाली वाकून वाकून बघत होते.

माहिती सांगायला एक डच आजोबा होते, हवाई दलातले निवृत्त मेकॅनिक. दोन्ही कानांत यंत्रं, आवाज खणखणीत. पंखावरच्या उभ्या पातळ पट्ट्या दाखवून त्यांनी इंग्रजीत जवळजवळ ओरडूनच विचारलं, "या कशासाठी, सांगा?"

मला वाटलं, आता बाबा काहीतरी भलतंच बोलणार.

"हवा पंखाच्या टोकाकडे घसरू नये म्हणून," बाबा इंग्रजीत म्हणाले. "नाहीतर कमी वेगात टोकाचा आधार आधी सुटतो."

आजोबांनी टाळी दिली. मग अर्धा तास दोघं एकमेकांवर ओरडत होते. कुठलं इंजिन, किती तापमान, कुठली झडप अडकायची, बाबांना सगळं आठवत होतं. मी घाबरत घाबरत आजोबांना माझी काळजी सांगितली. ते मोठ्यानं हसले. "विसरत नाहीत ते. त्यांना ऐकू येत नाही! इतकी वर्षं इंजिनाशेजारी. माझंही तेच झालं."

मी बाकावर बसले आणि रडले. बाबा गोंधळून माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

मंगळवारी श्रवणयंत्राच्या दुकानात तपासणी झाली. बारीक, उंच पट्टीतले आवाज बाबांना जवळजवळ ऐकूच येत नव्हते.

"मग विचारायचं ना, काय म्हणालीस म्हणून!" मी ओरडले.

"किती वेळा विचारणार?" बाबा म्हणाले. "आणि खरं सांगू? मलाही वाटलं होतं, आपलं डोकंच कामातून गेलंय."

वापरून बघायला दिलेली यंत्रं बाबांच्या कानांत लावून आम्ही घरी चालत आलो. वाटेत शाळेतून येणारी माझी मुलगी डचमध्ये मैत्रिणीशी बोलत होती. बाबा थांबून ऐकत राहिले. "हिचा आवाज असा आहे होय?" म्हणाले.

रात्री जेवताना त्यांनी यंत्रं काढून टेबलावर ठेवली. डिशवॉशर फार खडखडतोय म्हणे. मी हातानंच पोळी दाखवली. त्यांनी दोन बोटं वर केली.