हजेरीतली दीपाली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय, तेही नीट कळत नाही.

सुरतेत गोडादऱ्याच्या बाजूला एका मराठी शाळेत मी बदली बाई होते. सातवीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर, त्यांच्या जागी मी. बदली बाईचं सगळंच उसनं — खुर्ची उसनी, वर्ग उसना, मुलंसुद्धा उसनीच. पण खोटं कशाला बोलू? मुलांनी जीव लावला. खानदेशातून यंत्रमागावर आलेल्या घरांची ती मुलं. एखाद्याला अपूर्णांक जमला की सगळी बाकं बडवायची. अशा दिवशी मी गुणगुणत घरी जायचे.

मग एकदा हेडसर हसत हसत म्हणाले, "बेन, हाजरी सांभाळा हं. संख्या घटली ना, तर दोन वर्ग जोडून टाकतील." वर्ग जोडले की मी घरी. एवढं कळायला काय मोठी अक्कल लागते?

त्याच आठवड्यात दीपाली यायची थांबली. शेवटच्या बाकावरची पोर, इतकी शिस्तीची की शिंकायलासुद्धा हात वर करेल. शाळेची रीत होती — मूल लागोपाठ तीन दिवस आलं नाही, की वर्गाच्या बाईंनी घरी जाऊन बोलवायचं. पहिल्या दिवशी मी तिला हजर लिहिलं. म्हटलं, उद्या येईल. दुसऱ्या दिवशीही लिहिलं. मग... मग हाताला सवयच लागली. गैरहजेरीचे तीन दिवस कधी भरलेच नाहीत.

तिचं घर काय लांब होतं? दोन गल्ल्या सोडून. पण मी गेले असते आणि ती 'आता येणार नाही' म्हणाली असती — तर तसं लिहावं लागलं असतं ना? दोन महिने मी तिला कागदावर हजर ठेवलं. कुंपणानेच शेत खाल्लं, दुसरं काय!

बाई रजेवरून परतल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "दीपाली दिसत नाही?" मी म्हणाले, "कालच गावी गेली, लग्नाला. येईल पंधरा दिवसांत." किती सहज निघालं ते तोंडातून — त्याचीच मला अजून भीती वाटते. बाईंनी वाट पाहिली. तेवढ्यात परीक्षा झाली, सुट्टी लागली, आणि दीपाली राहिली ती राहिलीच.

वर्षभराने भाजीबाजारात तिची आई भेटली. पोर आता घरीच साड्यांना टिकल्या लावते म्हणाली. आई आजारी पडली म्हणून तिला घरी ठेवलं होतं — चारच दिवस. मग एकटीने परत यायची तिला लाज वाटायला लागली.

"रोज वट्टावर बशे," आई सांगत होती. "म्हने, बाई माले बलावाले येतीन."

बोलायला हवं होतं, तिथेच, त्या गर्दीत. उलट त्या माउलीनेच माझी समजूत काढली. "तुम्ही त बदलीवरन्या बाई. तुमले काय मालूम, पोर येस का नही?"

"हो ना," मी म्हणाले, आणि मेथीची जुडी उचलली.