बसायचं जाकीट

धाकट्याला जाकिटाची बक्कलं लावता येत नव्हती अशातला भाग नाही. डोळे मिटून जाळ्याला गाठ मारणारा माणूस तो. पण रोज सकाळी धक्क्यावर आला की दोन्ही हात वर करून उभा राहायचा, आणि त्याची बायको त्या नारिंगी लाइफ जॅकेटचे पट्टे ओढून एकेक बक्कल लावायची. शेवटचं लागलं की त्याच्या छातीवर एक थाप मारायची आणि म्हणायची, "जा आता."

थाप धाकट्याच्या छातीवर पडायची आणि लागायची बगळ्याला. बगळा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. उंच, काटकुळा, होडीत एका पायावर भार देऊन तासन्‌तास पाण्याकडे बघत उभा राहणारा, म्हणून हे नाव. होडी दोघांची, इंजिनाची किल्ली मात्र थोरल्याच्या खिशात. पोहण्यात त्याचा हात धरणारा धक्क्यावर कुणी नव्हता, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे.

"झालं का तुमचं नटणंमुरडणं?" तो इंजिनाजवळून ओरडायचा. "मासे कंटाळून झोपतील."

धाकटा हसत होडीत उतरायचा. "असू दे रे दादा. तिला बरं वाटतं."

हे 'तिला बरं वाटतं' बगळ्याला दिवसभर पुरायचं. जाळं टाकताना, ओढताना, मासळी निवडताना त्याचा नुसता जळफळाट चाललेला असायचा. खोटं कशाला बोला, त्याला जाकीट नकोच होतं. त्याला ती थाप हवी होती.

आणि गंमत म्हणजे जाकीट त्याच्याकडेही होतं. तो त्याच्यावर बसलेला असायचा.

लग्नानंतरच्या पहिल्याच मोसमात बायकोने ते आणलं होतं. ती तेव्हा बर्फाच्या कारखान्यात होती. बोटं बधिर होईपर्यंत लाद्या ओढून जमवलेल्या पैशांतून घेतलं, आणि कामावर जाता जाता धक्क्यावर घेऊन आली. "घाला हे," ती म्हणाली. "पोहणाराच बुडतो म्हणतात." भोवती सगळे बघत होते. बगळ्याने जाकीट हातात घेतलं, उलटसुलट केलं, आणि म्हणाला, "मला काय दुपट्यात गुंडाळून पाठवतेस?" धक्का हसला. हसू आलंय म्हटल्यावर त्याला आणखी चेव चढला. त्याने जाकिटाची घडी केली, होडीच्या फळीवर टाकली आणि त्या घडीवर ऐसपैस बसला. "हां, बसायला झकास आहे."

बायकोही हसली. मग ती कारखान्यात निघून गेली, आणि त्यानंतर धक्क्यावर कधी आली नाही.

त्या वेळी बगळ्याला वाटलं, बरं झालं, कटकट गेली. पण भावजय आली, ती रोजची बक्कलं सुरू झाली, आणि याचं पोट दुखायला लागलं. संध्याकाळी घरी गेला की तो बायकोला चाचपून बघायचा.

"आज वारं फार होतं."

"हो का?"

"होडी अशी कलली, म्हटलं आता गेलोच."

"मग जेवायला वाढू का?" ती विचारायची. मनातून तो म्हणायचा, बघा, मी मेलो काय नि जगलो काय, हिला काही आहे का?

दोन्ही भावांच्या घरांना मागे एकच अंगण आणि एकच हौद. मोसमाच्या सुरुवातीला भावजय कपडे धुवायचा दगड नवऱ्याच्या जाकिटाला बांधून हौदात सोडायची. जाकीट दगडासकट तरंगलं की तिचा जीव भांड्यात पडायचा. यंदाही तरंगलं. "काय गं, दगडाला पोहायला शिकवतेस?" बगळा कुंपणाशी उभा राहून म्हणाला. ती नुसती हसली, जाकीट झटकून दोरीवर टाकलं आणि आत नवऱ्याला सांगायला गेली. त्या दोरीवरच्या जाकिटाकडे बगळा बराच वेळ बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी होडीतून परतताना त्याने आपलं बसायचं जाकीट काखोटीला मारून घरी आणलं. तिसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या वेळी, बायको हौदाशी भांडी घासत असताना, तो ते अंगात घालून अंगणात आला. दोन्ही हात वर केले आणि दुसरीकडे बघत म्हणाला, "बक्कल लागत नाहीय."

बायको उठली. ओले हात पदराला पुसले. इतक्या वर्षांनी तिचा हात त्याच्या छातीवर आला, आणि बगळ्याने थापेसाठी छाती पुढे केली. पण तिने बक्कल धरलं नाही. जाकिटात अंगठा दाबला. आतला फोम पापडासारखा चपटा, दबला तो दबलेलाच राहिला.

"काढा बघू," ती म्हणाली.

भावजयीचा दगड हौदाच्या कडेलाच होता. बायकोने तो जाकिटाला बांधला, पट्टे आवळले आणि पाण्यात सोडला. जाकीट जरासं घुटमळलं, आणि मग सरळ खाली गेलं.

बायकोने हौदात वाकून तळ पाहिला.

"तुम्ही घालत नव्हता ते मला माहीत होतं," ती म्हणाली. "पण रोज वाटायचं, होडीत आहे ना. वेळ आली तर धाकटे भावजी फेकतील तुमच्याकडे. त्या भरवशावर मी दिवस काढायचे."

"मला काय माहीत, बसून बसून असं होतं ते?" बगळा पुटपुटला.

तिने त्याच्या खिशात हात घातला, इंजिनाची किल्ली काढली आणि आपल्या कमरेला खोचली.

तेवढ्यात धक्क्यावरून परत आलेली भावजय अंगणाच्या कुंपणाबाहेरूनच म्हणाली, "ताई, हे कधीचे धक्क्यावर थांबलेत. दादा येतायत ना?"

"नाही," बायको म्हणाली. "नवं जाकीट येईपर्यंत मी ह्यांना सोडायची नाही."

हे वाक्य ऐकायला बगळा इतकी वर्षं झुरला होता, आणि ते भावजयीसमोर, चारचौघांत ऐकू जाईल असं बोललं गेलं होतं. पण त्याला मान वर करता येईना. तो हौदाच्या तळाशी पडलेल्या जाकिटाकडे बघत होता.