कमलकाकूंची तीन पानं

मी आज जो काही आहे तो कमलकाकू देशकरांमुळे. गंगाखेडच्या मराठी शाळेतून आलेल्या, घरातल्या पहिल्या पदवीधराला इथं अमेरिकेत उभं केलं ते काकूंनी. दीड महिन्यापूर्वी, रेडमंडला ऑफिसच्या बसमध्ये असताना त्यांच्या मुलाचा, संजयदादाचा फोन आला. "आई गेली रे. सकाळी उठलीच नाही," एवढंच म्हणाला. मी पुढच्या स्टॉपवर उतरलो आणि पावसात नुसता उभा राहिलो...

२००१ साली मी न्यू जर्सीत एडिसनला त्यांच्या आणि संजयदादाच्या घरी भाड्यानं राहायला आलो. युनिव्हर्सिटीत मला शिकवण्याचं काम होतं आणि माझं इंग्रजी मुलांना कळत नव्हतं. बोलण्याच्या परीक्षेत नापास झालो असतो तर काम आणि शिक्षण दोन्ही सुटलं असतं. काकू वर्ध्याला नागरिकशास्त्र शिकवून रिटायर झालेल्या. इथं मुलांकडे राहायला आलेल्या ज्येष्ठांची त्या दर शनिवारी सिटिझनशिपच्या मुलाखतीची तयारी करून घ्यायच्या. त्यांनी मला टाय बांधायला लावून ऑफिसरच्या खुर्चीत बसवलं. म्हणाल्या, "मोठ्यानं विचार. घाबरायचं त्यांनी, तू नाही."

"कायदे कोण करतं?" मी इंग्रजीत दरडावलं, की जोशीआजोबा मराठीत म्हणायचे, "आमच्याकडे सूनबाई."

"नापास!" काकू म्हणायच्या. "आणि न्यायला येईल तेव्हा सांगणारे मी तिला."

मग त्या समजावायच्या. काँग्रेस, म्हणजे इथली संसद, कायदा करते, राष्ट्राध्यक्षांचं सरकार तो राबवतं, कोर्ट दोघांनाही जाब विचारतं. एकानं अडवलं तर दुसऱ्याकडे दाद मागता येते. त्या खुर्चीत बोलून बोलूनच मी परीक्षा पास झालो. काकूंचे विद्यार्थीही एकेक करून नागरिकत्वाची शपथ घेऊन आले, पेढे देऊन गेले.

काकूंची शपथ मात्र झाली नाही. २००४ साली त्या मुलाखतीत पास झाल्या. सुरक्षा तपासणी बाकी आहे, पत्र येईल, असं सांगण्यात आलं. पत्र आलं नाही. संजयदादा म्हणायचा, "आई, ग्रीन कार्ड आहे ना? एका व्होटसाठी कशाला एवढा त्रास?" पण काकूंना ते एक मत हवं होतं. त्यांनी काँग्रेसमनला लिहिलं. छापील उत्तर आलं: तपासणी सरकारच्या हातात आहे, आम्ही विचारणा केली आहे. मग यंदा, २००८च्या फेब्रुवारीत त्यांचा मला रेडमंडला फोन आला.

"आता कोर्टच राहिलं. अर्ज मी मराठीत लिहून पाठवते, तू इंग्रजीत कर. आणि दाखल करायला माझ्याबरोबर चल."

"संजयदादा काय म्हणतो?"

"तो नको म्हणतो. तू माझा ऑफिसर ना रे?"

मी हो म्हणालो. पोस्टानं तीन पानं आली, फळ्यावर लिहावं तशा अक्षरात. माझा स्वतःचा ग्रीन कार्डचा अर्ज तेव्हा इमिग्रेशनच्या त्याच खात्याकडे होता. सरकारविरुद्धच्या कागदात आपला हात दिसला तर... मी ती पानं पाच आठवडे ड्रॉवरमध्ये ठेवली आणि परत पाठवून दिली. काकूंनी विषय पुन्हा काढला नाही. निवडणूक दोन महिन्यांवर आली असताना त्या गेल्या.

त्या शिकवायच्या ते खरं होतं का, कोर्टानं त्यांना दाद दिली असती का, हे आता कधीच कळणार नाही. कारण तिथवर त्यांना मीच जाऊ दिलं नाही. काकूंच्या वहीत ती पानं होती आणि त्यांना टाचलेलं माझं पत्र. संजयदादानं ते मला पाठवून दिलं.

"ती. काकूंना सा. न.

तुमची पानं परत पाठवत आहे. ऑफिसात सध्या फार काम असल्यामुळे रजा मिळणं कठीण आहे. शिवाय घाई करू नये असं मला वाटतं. एवढी वर्षं थांबलात, आणखी थोडं थांबा. इथे उशिरा का होईना, प्रत्येकाला न्याय मिळतो, हे मी तुमच्याकडूनच शिकलो.

तब्येतीला जपा.

तुमचा,
प्रकाश"