पास्कू तांडेलाची रापण आणि माझं प्रवचन

हसणार असाल तर आत्ताच हसून घ्या, पुढे मला स्वतःलाच हसू येत नाही. लोक पाय घसरून पडतात, मी तोंड घसरून पडलो. तेही चारचौघांत नाही, कपेलात, बायबल हातात धरून! आणि पडताना बावीस घरांची रापण, म्हणजे मासेमारीचं त्यांचं सामाईक जाळं, घेऊन पडलो.

मी मूळचा दोडामार्गचा. काजूच्या झाडांखाली वाढलो, शाळामास्तर झालो आणि निवृत्त झाल्यावर बायकोच्या माहेरी, मालवणजवळच्या किनाऱ्यावर घर बांधलं. समुद्राशी माझा संबंध ताटातल्या माशाच्या कढीपुरता. वाडीत आम्हा ख्रिस्ती घरांचं लहानसं कपेल, म्हणजे प्रार्थनाघर आहे. फादर महिन्यातून एकदाच येतात. उरलेल्या रविवारी आपल्यातल्याच कुणीतरी शुभवर्तमान वाचायचं आणि त्यावर चार शब्द बोलायचे. आता पस्तीस वर्षं न विचारता बोलत आलेला माणूस वाडीत असताना दुसऱ्या कुणाला बोलवतील?

त्या रविवारचा उतारा मासेमारीचा होता. पेत्र आणि त्याचे सोबती रात्रभर जाळी टाकून दमलेत, हाताला काही नाही. येशू पेत्राच्या होडीत बसून सांगतो, खोल पाण्यात जा आणि जाळी टाका. टाकतात, तर मासळी एवढी की जाळी फाटायला येतात.

या उताऱ्याशी मी आठवडाभर झगडलो, खोटं नाही सांगत. समोर बसणार होते सगळे रापणकर. भल्या मोठ्या बोटी बाहेरच्या बाहेर समुद्र उपसून नेतात, आणि यांच्या जाळ्यात शेवाळ येतं. त्यांना काय सांगू? पेत्राने ऐकलं म्हणून त्याला मासळी मिळाली? मग हे ऐकत नाहीत म्हणून मिळत नाही? रापणीचा म्होरक्या असलेल्या, पन्नास वर्षं रविवार न चुकवलेल्या पास्कू तांडेलाला हे कुठल्या तोंडाने सांगायचं? फादरांनी मला शिकवलं होतं, कळलं नाही तर कळलं नाही म्हणा, देव रागावत नाही. मी कागदावर तसं लिहिलंही. 'त्यांची जाळी का भरली आणि आपली का भरत नाहीत, मला माहीत नाही.'

शनिवारी ते वाक्य वाचलं आणि अंगावर काटा आला. मास्तराने फळ्यापुढे उभं राहून 'मला येत नाही' म्हणायचं? मग शाळेत छड्या कशाबद्दल मारल्या? वाक्य खोडलं, मोबाइल उघडला, आणि कुठल्याशा शहरातल्या वक्त्याचं एक फर्मास प्रवचन सापडलं. तेच पाठ केलं.

रविवारी असा काही बोललो म्हणता! "तुम्ही काठाकाठाने जगता! भिता! म्हणून हात रिकामे राहतात! विश्वास असेल तर खोल पाण्यात चला, एकदा शेवटचं जाळं टाका!" अहो, रापण म्हणजे काठावरूनच ओढायचं जाळं. दर घराने आपला तुकडा विणून आणायचा, सगळे शिवून एक लांबलचक जाळं करायचं, होडीतून ते अर्धगोल टाकायचं आणि दोन्हीकडचे दोर किनाऱ्यावरून ओढायचे. दोराला हात लावेल त्याला वाटा. त्या माणसांना मी काठावर जगता म्हणून झापत होतो. कपेलात चिडीचूप शांतता. मला वाटलं, विरघळले.

विरघळले नव्हते. त्या दुपारी रापणकरांची बैठक होती आणि ती कशासाठी, हे वाडीत फक्त मलाच ठाऊक नव्हतं. जाळं उसवायचं, ज्याचा तुकडा त्याला द्यायचा आणि रापण बंद करायची, असं ठरल्यातच जमा होतं. पण बैठकीत पास्कू उठला आणि म्हणाला, आज देवाच्या घरात काय ऐकलं ते सगळ्यांनी ऐकलंय. एकदा टाकूया.

सोमवारी सकाळी सातला दारात आठ-दहा माणसं. मला वाटलं, प्रवचन आवडलं म्हणून आभार मानायला आले. पास्कू म्हणाला, "मास्तर, चला. खंय टाकूचां ता तुमी दाखवा."

तुम्ही म्हणाल, तिथेच सांगायचं ना, बाबांनो, मला मासळीतलं काही कळत नाही! सांगायचं होतं. पण मागून बायको बघत होती, समोर माणसं उभी होती, आणि आदल्या दिवशीचा आवाज अजून माझ्या कानात होता. खरी लाजेची गोष्ट सांगू? मी आत जाऊन मासळीसाठी दोन थैल्या घेतल्या. बायकोने विचारलं, दोन कशाला? म्हटलं, एक फुटली तर!

किनाऱ्यावर अख्खी वाडी. पास्कूची बायको रोजाबाय पदर खोचून दोराशी उभी. मी समुद्राकडे पाहिलं. समुद्रात बोट दाखवायला काय अक्कल लागते? सगळीकडे पाणीच तर आहे. नेहमी टाकतात त्याच्या बरंच दक्षिणेला, पाणी गडद दिसत होतं तिथे मी बोट दाखवलं. गडद म्हणजे खोल, एवढं माझं भूगोलाचं ज्ञान! पास्कूने माझ्या बोटाकडे पाहिलं. मग पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरां," आणि होडीत चढला.

तासाभराने दोर ओढायला सुरुवात झाली. जाळं जड लागत होतं. किती जड! माणसं मागे रेलून ओढतायत, टाचा वाळूत रुतल्यात आणि जाळं हलत नाही. म्हातारी माणसं डोळे पुसायला लागली, एवढी मासळी गेल्या कित्येक वर्षांत लागली नव्हती. आणि मी? दोराला हात न लावता वाळूत उभा राहून ओरडत होतो, ओढा, विश्वासाने ओढा!

ओढलं त्यांनी. विश्वासानेच ओढलं. आणि एका क्षणी दोर असा हलका झाला की सगळे एकमेकांवर पडले.

पाण्याखाली खडप होतं. मोठा काळा खडक, म्हणून तर वरून पाणी गडद दिसत होतं. जाळ्याचा मधला सगळा भाग त्याच्यावर राहिला. जे बाहेर आलं त्याच्या चिंध्या झाल्या होत्या. रोजाबायच्या सासऱ्याने हाताने विणलेला तुकडा होता, तोही खडपावर गेला. मला कुणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. इनास नावाचा एकजण तेवढा म्हणाला, पुस्तकात जाळी फाटतात असं आहे, तेवढं मास्तरांनी बरोबर करून दाखवलं. कुणी हसलंसुद्धा नाही. रापण बंद करताना जाळं उसवायचं होतं, तेवढं काम मात्र वाचलं.

संध्याकाळी पास्कूच्या घरी गेलो. माफी मागितली. मग न राहवून विचारलं, तुम्हाला तिथलं खडप माहीत नव्हतं?

"माका ठावक नाय आसतला?" पास्कू म्हणाला. "बापाशीन ल्हानपणी दाखवलेलां."

"मग बोलला का नाहीत?"

तो माझ्याकडे बघत राहिला. वर्गातल्या ढ मुलाकडे मी बघायचो तसा.

"मास्तर, पेद्रूक दर्यो ठावक नाय होतो काय? रातभर फिरलेलो तो. तरी म्हटल्यान मा, तू सांगतंस म्हणान टाकतंय. तुमी ता वाचलास, पण त्येच्यार बोलाक नाय. माझ्या मनात ताच रवलां."

खरंच होतं. 'तू सांगतोस म्हणून टाकतो' हे पेत्राचं वाक्य मी वाचलं होतं आणि प्रवचनात सोडून दिलं होतं, कारण त्या शहरातल्या वक्त्याने सोडलं होतं. प्रवचनात मी सगळ्यांना बजावलं होतं, तुम्ही प्रत्येकजण पेत्र आहात. पास्कू झाला पेत्र. पण त्या होडीत पेत्राशेजारी आणखी एकजण बसला होता ना? ती जागा मी कधी जाऊन पटकावली, ते मलासुद्धा कळलं नव्हतं. तेही बगलेत दोन थैल्या मारून!

पुढच्या रविवारी मी उतारा वाचला. सावकाश, एकही वाक्य न गाळता. मग पुस्तक मिटलं, तोंड उघडलं, आणि एक शब्दही सुचेना. तसाच जागेवर जाऊन बसलो.

बाहेर पडताना पास्कूने माझा हात धरला. म्हणाला, "मास्तर, आज पयल्यांदाच बरां सांगलास."