खाऊन राह्यली

आधी नर्सबाईंचं सांगते, मग मांजरीचं. मांजर वाचली ती त्यांच्यामुळे, आणि अकोल्यात माझे पाय टिकले तेही बरेचसे त्यांच्यामुळेच. सरकारी दवाखान्यात त्या नोकरीला होत्या, आमच्या शेजारच्या घरात राहायच्या. बोलणं फटकळ. मला सुई द्यायला शिकवताना म्हणाल्या, "हात काहून कापून राह्यले तुमचे? सुई मांजरीले द्याची हाय, वाघाले नाही." तेव्हा मला त्यांचा रागच आला होता.

मी कोकणातली, समुद्राकाठची. शाळा चौथीत सुटली. लग्न होऊन अकोल्याला आले तर पाणी वेगळं, भाकरी वेगळी, बोलणं वेगळं. नवरा जिनिंगमध्ये कामाला. कापसाचा हंगाम लागला की त्यांना अमरावतीकडच्या जिनात पाठवत आणि काकूंच्या मागच्या खोलीत मी एकटी उरायची.

काकू म्हणजे आमच्या घरमालकीणबाई. यजमान वारलेले, मुलंबाळं नाहीत, सोबतीला एक करडी मांजर. काकूंना साखरेचा आजार होता. नर्सबाई सकाळी ओसरीवर येऊन त्यांना सुई टोचून जायच्या; त्यांच्या चहाचा कप ओसरीच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असायचा. त्या हिवाळ्यात मांजर सारखी पाणी प्यायला लागली, पाठीचा कणा हाताला लागायला लागला आणि ती मुतायची त्या कोपऱ्यात मुंग्यांची रांग लागली. ती रांग पाहिली आणि काकूंनी मांजरीला उचलून पोटाशी धरलं. "माह्या मोरीतही अशाच मुंग्या लागल्या होत्या वं माय," म्हणाल्या.

जनावरांचे डॉक्टर आधी हसले. "बैलं-म्हशी पाहता पाहता केस पांढरे झाले काकू, मांजरीची साखर नाही पाह्यली कधी." पण त्यांनी तपासलं आणि काकूंच्याच बाटलीतलं इन्सुलिन अगदी कणभर द्यायला सांगितलं. अट एकच घातली. मांजरीनं खाल्लं तरच सुई. उपाशीपोटी टोचली तर अंगातली साखर एकदम उतरेल आणि मांजर हातची जाईल.

आणि नेमका तिच्या खाण्याचाच भरवसा नव्हता. आज दूधभाकर चाटूनपुसून, उद्या त्याच वाटीकडे पाठ. काकू महानुभाव पंथाच्या, घरात मांसमच्छीचं नाव नाही. मी मात्र माहेराहून आलेलं सुकट खोलीत चोरून भाजायची. वासानं मांजर दारात येऊन बसली आणि माझी चोरी उघडी पडली. मला वाटलं, गेली आता खोली. काकू नाकाला पदर लावून उभ्या राहिल्या, मांजर कशी मचमच खाते ते पाहत. मग म्हणाल्या, "भाज बापा. पण खिडकी उघडी ठेव, अन् माह्याकडं पाहू नको."

असं तिचं खाणं माझ्याकडे आलं. नर्सबाईंच्या वेळेवर ती काही जेवायची नाही, म्हणून सुईही माझ्याकडे आली. काचेची पिचकारी उकळायची, गार करायची, मानेमागचं कातडं चिमटीत धरायचं. काकूंचं सगळं जग ते, आणि ते माझ्या चिमटीत.

एके दिवशी सकाळी सुकट संपत आलं होतं, म्हणून मी ते दुधात कालवून वाटी ओसरीवर ठेवली आणि खोलीत पिचकारी उकळत बसले. तिथूनच हाक दिली, "काकू, मांजरीनं खाल्लं?"

"खाऊन राह्यली!"

मी पिचकारी भरून बाहेर आले. मांजर खांबाशी बसून तोंड पुसत होती. मी सुई टोचली. मग वाटीकडे नजर गेली. वाटी भरलेली. दुधावर फक्त एक चाटल्याची रेघ.

"काकू, तुम्ही म्हणालात ना खाल्लं म्हणून?"

"मी कधी म्हटलं? खाऊन राह्यली म्हटलं! तोंड घातलं होतं न तिनं वाटीत!"

आमच्याकडे 'रवली' म्हणजे राहिली. खाऊन रवली म्हणजे पोट भरून स्वस्थ बसली. इथे खाऊन राह्यली म्हणजे अजून खातेच आहे. रोज कानावर पडणारं ते बोलणं, पण त्या घटकेला माझ्या कानानं माझ्या गावचंच ऐकलं.

वाटी पुढे केली, तिनं तोंड फिरवलं. नुसतं सुकट दिलं, हुंगून सोडलं. बोटानं दूध लावलं तर पंजानं पुसून टाकलं. काकू तिच्याशी लहान लेकराशी बोलावं तसं बोलत होत्या, "खाय वं बाई, एक घास खाय." असा अर्धा-पाऊण तास गेला, मग मांजर उठली आणि दोन पावलांत मागच्या पायांवर कलली. डोळे मोठे, तोंडातून लाळ. अंगाला झटके यायला लागले.

नर्सबाई रातपाळी करून नुकत्याच निजल्या होत्या. मी त्यांचं दार दोन्ही हातांनी बडवलं. त्या मोकळ्या केसांनीच धावत आल्या. पाहिलं आणि म्हणाल्या, "साखर आना, लवकर!"

माझा डबा रिकामा. काकूंच्या घरातून तर नर्सबाईंनीच दटावून दटावून साखर हद्दपार केलेली. काकूंनी मांजरीचं डोकं मांडीवर धरलं होतं. त्या खाली मान घालून म्हणाल्या, "गूळ हाय. पिठाच्या डब्यामांगं."

"असं! म्हनून तुमची साखर उतरून नाही राह्यली!"

"मले मंग शिव्या द्या. आंदी आत जा न बाई, मी हिले सोडून कशी उठू?"

इतक्या महिन्यांत नर्सबाईंना त्या घरात कुणी ओसरीच्या पलीकडे बोलावलं नव्हतं. त्या क्षणभर थांबल्या, मग थेट स्वयंपाकघरात गेल्या. गूळ कोमट पाण्यात दाट कालवला. मी वाटी तोंडाशी न्यायला लागले तर हात झटकला माझा. "ओतू नका, फुफ्फुसात जाईल. बोटानं हिरड्यांले चोळा."

मी चोळत राहिले. दात बोटाला लागत होते, कळत नव्हतं. झटके थांबले, पण ती तशीच पडून. काकूंचे ओठ नुसते हलत होते. पुष्कळ वेळानं जिभेचं टोक बाहेर आलं आणि माझं बोट चाटून आत गेलं. नर्सबाईंनी मला सुकट आणायला सांगितलं. या खेपेला तिनं खाल्लं, आडवं पडूनच. वाटी रिकामी होईपर्यंत नर्सबाई हलल्या नाहीत. काकूंनी त्यांना चहा केला, बिनसाखरेचा, आणि घरातल्या पितळी पेल्यातून दिला.

चूक कशी झाली ते मी सांगितलं, तर नर्सबाई डोळे पुसेपर्यंत हसल्या. रागावल्या नाहीत. "मले वाटलं होतं तुमाले मराठी येते," म्हणाल्या. मग माझ्या गावचं विचारत बसल्या. समुद्र दिसतो तरी केवढा? पलीकडचा काठ दिसतच नाही, हे त्यांना खरंच वाटेना. त्यांनी मूर्तिजापूरच्या पलीकडे काही पाहिलं नव्हतं.

पुढे त्यांची बदली अमरावतीला झाली. त्या निघताना मी रडले, बोलायचं ते राहूनच गेलं. म्हणून इथे लिहिते. नर्सबाई, माझ्या बापाचं घर लाटांपासून हाकेच्या अंतरावर आहे. एक ना एक दिवस मी तुम्हाला तिथे नेईन, घरात माझ्या शेजारी बसवून ताज्या माशांचं जेवण वाढीन, आणि तुमचं मन भरेस्तोवर समुद्र दाखवीन.