भंगाराला जपणारा मिस्त्री

नट फिरत होता, पण निघत नव्हता. मी पाना ओढला की तो गरगर फिरायचा, जत्रेतल्या पाळण्यासारखा, आणि वर मात्र सूतभरही येत नव्हता.

हे चाललं होतं केळापूर तालुक्यातल्या एका गावात, सरांच्या अंगणात. सर शाळेत विज्ञान शिकवतात आणि मोबाइलवर बघून गाडी स्वतः दुरुस्त करतात. त्यांची बायको उपकेंद्रावर सिस्टर. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना लशींचा डबा घेऊन जंगलातल्या एका पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, पोचायचं होतं. मागच्या खेपेला गाडीचं पोट दगडावर टेकलं आणि बाईंनी डबा खांद्याला लावून शेवटची वाट पायी तुडवली. म्हणून सरांनी गाडी उंच करायला नवे शॉकअप आणि उंच स्प्रिंग मागवल्या. डावी बाजू स्वतःच बसवली. उजवी हट्टाला पेटली, तेव्हा पांढरकवड्याच्या माझ्या गॅरेजातून मला बोलावून घेतलं.

स्ट्रट म्हणजे शॉकअप आणि त्याच्याभोवतीची स्प्रिंग मिळून झालेला एक खांब. शॉकअपमधून एक चकचकीत दांडा वर येतो. त्याच्या डोक्यावर रबरी माउंट आणि त्यावर हा नट. माउंट नव्या शॉकअपला पुन्हा लावायचा असतो, म्हणून नट सोडवावाच लागतो. सोडवताना दांडाही फिरतो. तो धरून ठेवायला त्याच्या डोक्यात सहा कोपऱ्यांचं भोक असतं, त्यात एलन की घालायची.

“सर, भोक कुठे आहे?”

“होतं,” सर म्हणाले.

त्यांनी इतका जोर लावला होता की सहाही कोपरे झिजून भोकाची वाटी झाली होती. मी गंजावर तेल सोडलं, वाट पाहिली. जरा मोठी की ठोकून बसवली, तीही घसरली. हवेच्या गनने असला नट एका झटक्यात निघतो, पण त्या दिवशी तालुक्यात लाइनच नव्हती. गॅरेजचा कॉम्प्रेसर झोपलेला. मग मी रुमाल काढून सावकाश कपाळ पुसलं. डॉक्टर चष्मा पुसतात, तसंच हे. विचार करायला वेळ मिळतो.

तेवढ्यात सिस्टर चहा घेऊन आल्या.

“मिस्त्रीभाऊ, होते का नाही तेवढं सांगा. नाही तर मले आताच दुसरी गाडी पाहा लागन.”

“होते ना, सिस्टर. नट आहे, भूत नाही.”

“मंग फिरते अन् निघत नाही, काहून?”

“दांडाबी सोबत फिरून राह्यला.”

“मंग दांडाच धरा ना पकडीनं.”

मी हसलो. पाना खाली ठेवला आणि हातवारे करत व्याख्यान दिलं. दांड्याला पक्कड लावायची नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. एक ओरखडा पडला की तो आतलं सील कापतो, तेल गळतं, शॉकअप संपला. याच चुकीसाठी माझ्या उस्तादाने माझ्या पाठीत पाना घातला होता, तेही सांगितलं. सर वर्गातल्या पहिल्या बाकावर बसल्यासारखी मान डोलावत होते.

सिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं.

“हा शॉकअप पुन्हा लावून राह्यले का तुम्ही?”

“नाही. हा भंगारात जाईन.”

“मंग कोणासाठी जपून राह्यले याले?”

सर माझ्याकडे बघू लागले. मी नटाकडे बघितलं. त्याने काही मदत केली नाही.

स्प्रिंग दाबून धरणारे दोन्ही शिकंजे नीट तपासले. ते सुटले तर स्प्रिंग तोफगोळ्यासारखी येते, आणि सिस्टर घरातच असल्या तरी मला त्यांचा पेशंट व्हायचं नव्हतं. दांड्यावरचं रबर सरकवलं, लॉकची पक्कड कचकन आवळली. तीस वर्षांत प्रथमच. मग पाना ओढला. नट कुरकुरला आणि दोन मिनिटांत माझ्या तळहातावर होता.

“बस, एवढंच?” सिस्टर म्हणाल्या आणि रिकामे कप घेऊन आत गेल्या.

ऊन उतरायच्या आत उजवी बाजू बसली. अलाइनमेंट करेपर्यंत गाडी हळू चालवा, एवढं बजावून मी निघालो. दुसऱ्या दिवशी दुपारी सरांचा फोन आला. गाडी थेट पोडापर्यंत गेली, कुठे टेकली नाही.

दांड्याला पक्कड लावायची नाही, हे मी आजही शिकवतो. फक्त त्याआधी विचारून घेतो, हा दांडा गाडीत राहणार आहे की भंगारात जाणार.