डाव्या पानावरची मराठी

सांगलीहून निघताना माझ्या बॅगेत मेतकूट होतं, भडंग होता आणि पंचवीस पुस्तकं होती. मेतकुटाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. पुस्तकं मात्र प्रत्येकाला जड वाटली.

पुस्तक माझंच होतं, म्हणजे अर्धं माझं. वेल्स हा इंग्लंडला खेटून असलेला डोंगराळ मुलूख. तिथल्या दंतकथांचं, दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी काढलेलं, देखण्या चित्रांचं एक पुस्तक आहे. डाव्या पानावर वेल्श भाषा, उजव्या पानावर इंग्रजी. पुण्याच्या एका प्रकाशकाने चित्रं आणि इंग्रजी ठेवली, वेल्श काढली आणि त्या रिकाम्या डाव्या पानावर मला बसवलं. बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या बाईला एवढी जागा पुष्कळ होती. बहिणीचा मुलगा मंदार अमेरिकेत एडिसनला असतो. तिथल्या मराठी शाळेला पुस्तक वर्गासाठी हवं होतं, म्हणून तो म्हणाला, "मावशी, तूच घेऊन ये." मला एकच बघायचं होतं. तिथली मुलं माझं डावं पान वाचतात का?

नेवार्कच्या विमानतळावर अधिकाऱ्याने मेतकुटाची पुडी उजेडात धरून पाहिली, हुंगली आणि शिंकला. मग त्याने पुस्तक चाळलं. त्यानेही उजवंच पान वाचलं, पण त्याला मी माफ केलं.

मंदारने गाडी ओक ट्री रोडवरून घेतली. दागिने, साड्या, डोसे, मिठाई, सगळा हिंदुस्थान रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मांडलेला. मराठी पाटी शोधता शोधता माझी मान अवघडली.

"आपली दुकानं कुठे आहेत रे?"

"आपण दुकान नाही काढत मावशी, आपण मंडळ काढतो," मंदार म्हणाला. "आणि मग दुसरं मंडळ काढतो."

मागच्या सीटवर त्याची मुलगी इरा बसली होती. वय अकरा, कानांवर हेडफोन. "हाय आजी," एवढं बोलून तिने मराठीचा त्या दिवसाचा कोटा संपवला.

शनिवारी मंदार मला पेनसिल्व्हेनियातल्या एका गावी घेऊन गेला. पाटीच्या दगडाच्या खाणींत काम करायला वेल्श माणसं एके काळी इथे येऊन वसली. खाणींत आता हिरवंगार पाणी साठलंय. जुन्या प्रार्थनाघरात दोन खोल्यांचं संग्रहालय आहे आणि ते सांभाळणारे आजोबा आम्हाला पाहून इतके खूश झाले, की महिनाभरात आम्हीच पहिले असणार अशी मला शंका आली. त्यांनी बारा-मिश्री (चहात भिजवलेल्या मनुका घातलेला गोडसर पाव) खायला दिली. खरं नाव त्यांनी तीनदा सांगितलं, मला एकदाही उच्चारता आलं नाही, म्हणून हे नाव माझं.

मी मोठ्या तोऱ्यात पुस्तक काढलं. त्यांनी कपाटातून मूळचं काढलं, नातवंडांनी वाचलेलं. दोन्ही शेजारी ठेवली. चित्रं तीच, इंग्रजी तीच.

"म्हणजे आमची जागा तुम्ही घेतलीत," ते इंग्रजीत म्हणाले. हसत म्हणाले, तरी मी ओशाळले.

"तुम्ही वेल्श वाचता?" मी विचारलं.

"माझी आजी वाचायची. मी चित्रं बघतो."

त्यांचं पुस्तक चाळलं. उजव्या पानांवर जॅमचे डाग, बोटांचे ठसे, दुमडलेले कोपरे. डावी पानं मात्र काल छापल्यासारखी कोरी करकरीत. घरोघरी मातीच्या चुली.

रविवारी मराठी शाळा. भाड्याने घेतलेल्या अमेरिकन शाळेच्या कॅफेटेरियात ती भरते. त्या दिवशी पॉटलक (प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायचा) होतं. मुलं इंग्रजीत भांडत होती आणि आईबाप त्यांना इंग्रजीत सांगत होते, "स्पीक इन मराठी." भिंतीवर मराठीच्या अभिमानाचा मोठा फलक होता. तो उलटा लागल्याचं तासभर कोणाच्या लक्षात आलं नाही. मी सांगितलं नाही. पाहुण्याने किती बोलावं यालाही मर्यादा असते.

शाळेच्या प्रमुख वृंदाकाकू लगबगीने आल्या. पुस्तक आदल्या आठवड्यातच त्यांच्या पालक समितीने कॉम्प्युटरवर वाचलं होतं.

"ताई, बुक एकदम गोड आहे. फक्त ती तळ्यातल्या बाईची स्टोरी जरा प्रॉब्लेमॅटिक वाटली. आम्ही एंड थोडा चेंज केलाय."

गोष्ट अशी. एक बाई आपल्या गाई घेऊन तळ्यातून वर येते आणि एका शेतकऱ्याशी लग्न करते. अट एकच: माझ्यावर तीनदा हात उचललास, तर मी परत जाईन. तो तीनदा उचलतो. ती गाईंना नावानं हाका मारते आणि सगळ्यांना घेऊन पाण्यात निघून जाते. काकूंनी छापील स्टिकर आणले होते. पंचवीसही प्रतींत शेवटच्या परिच्छेदावर स्टिकर बसला: नवऱ्याने सॉरी म्हटलं आणि दोघं सुखाने राहिली.

पण स्टिकर उजव्या पानावरच होता.

"आणि मराठीवर?" मी विचारलं.

"मराठी राहू दे हो ताई. ते कोण वाचतंय?"

काकू वाईट नाहीत. त्यांनी लगेच माझ्या ताटात दुसरा वडा वाढला. मी मात्र तो ताटातच ठेवला. रडू येईल की काय असं वाटलं, आणि रडायचं नव्हतं म्हणून मी कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसले.

इरा शेजारी पुस्तक घेऊन बसली होती. बोटांनी आम्रखंड चाटत होती. थोड्या वेळाने तिने माझी बाही ओढली.

"आजी, धिस डझन्ट मॅच."

चित्रात बाई कंबरभर पाण्यात होती. मागे गाईंची रांग, काठावर एकटा नवरा. आणि शेजारी छापलेलं, दोघं सुखाने राहिली.

"समबडी कव्हर्ड इट," इरा म्हणाली. तिने डाव्या पानाकडे बोट केलं. "यहाँ... इथे काय लिहिलंय?"

सांगणं सोपं होतं. मी म्हटलं, "चष्मा नाही गं माझ्याकडे." चष्मा नाकावरच होता. तिने तो पाहिला, मला पाहिलं आणि काय समजायचं ते समजली.

"ति-ने... गा-ईं-ना..." जोडाक्षराशी अडली. समोरचा मुलगा सरकला, त्याला तेवढं येत होतं. आणखी दोघी आल्या. मोठ्यांनी काहीतरी झाकलंय ही बातमी कॅफेटेरियात वणव्यासारखी पसरली आणि पाच-सहा डोकी त्या पानावर वाकली. "निघाली मीन्स लेफ्ट," कोणीतरी म्हणालं. "शी लेफ्ट हिम?" "थांब ना, वाचू दे." इराने बोट टेकवत शेवटचं वाक्य स्वतः वाचलं: "ती परत आली नाही."

मग मान वर करून म्हणाली, "गुड."

वृंदाकाकूंना मुलं मराठी वाचताना दिसली. त्यांनी भरल्या डोळ्यांनी मंडळाच्या वेबसाइटसाठी फोटो काढले. मुलं कुठलं वाक्य वाचतायत हे त्यांनी विचारलं नाही.

निघताना मी इराला नवी प्रत दिली आणि तिची मागून घेतली. सांगलीत पोचले तेव्हा शेजारच्या नलूताई अमेरिकेची चॉकलेटं खायला आल्या. त्यांनी पुस्तक उघडलं. स्टिकर जागच्या जागी होता, तो सोलायची कोणाला गरजच पडली नव्हती. डाव्या पानावर शेवटच्या ओळीखाली आम्रखंडाचा पिवळा अंगठा उमटला होता.

"अगं, नव्या पुस्तकाला डाग पाडलास," नलूताई हळहळल्या.

"हो," मी म्हटलं, "तोच आणलाय मी तिकडून."